विकरांची चाल

शाळेच्या पुस्तकातलं विकराचं चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असतं. एक गोळा, त्याला एका बाजूला खाच आणि त्या खाचेत अचूक बसणारा वेगळ्या रंगाचा तुकडा. पुढच्या चित्रात तुकड्याचे दोन भाग झालेले असतात आणि खाच पुन्हा मोकळी असते. एमिल फिशर यांनी १८९४ साली कुलूप-किल्लीची कल्पना मांडली, तिचंच हे रेखाटन. शंभराहून अधिक वर्षं ते टिकलं, कारण विकर कोणत्या पदार्थावर काम करतं आणि कोणत्या पदार्थाला हातही लावत नाही, हे त्यातून पटकन समजतं. पण या चित्रात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे. येणारा-जाणारा तो तुकडा. गोळा मात्र जागचा हलत नाही.

पाण्यात असं जागेवर बसून राहणं कोणत्याच रेणूला शक्य नसतं. रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ साली परागकणांमधून निघालेल्या बारीक कणांची थरथर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. आइन्स्टाइन यांनी १९०५ साली तिचं गणित मांडलं आणि पुढे जाँ पेरँ यांनी ते प्रयोगानं पडताळलं. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धडका देतात आणि त्या धडकांनी प्रत्येक कण सतत वेडावाकडा भटकत राहतो. युरिएजसारख्या मोठ्या विकराचा क्षणिक वेग हिशेबानं सेकंदाला तीन-चार मीटर निघतो. पण एका अणूच्या रुंदीइतकं अंतर कापण्याआधीच त्याची दिशा बदललेली असते. म्हणून इतक्या वेगाच्या या रेणूला पाण्यात सेंटिमीटरभर दूर जायला काही दिवस लागतात. दहा मायक्रोमीटरची पेशी मात्र तो साधारण अर्ध्या सेकंदात ओलांडतो. विसरणाचा, म्हणजे असं भटकत पसरण्याचा, हा स्वभाव वाचकानं सुरुवातीलाच मनाशी पक्का करावा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे: थोडं अंतर फार लवकर, जास्त अंतर फार उशिरा.

हे भटकणं कामकरी विकराच्या वाट्याला येतं तसंच निकामी विकराच्याही येतं. या पुस्तकाचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. विकर जेव्हा आपलं काम करत असतं, सेकंदाला हजारो वेळा एखादा रेणू फोडत असतं, तेव्हा त्या कामामुळे त्याच्या भटकण्यात काही फरक पडतो का? आणि तो रेणू एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असेल, तर विकरांचा समूह कुठल्या बाजूला सरकतो? प्रश्न साधे वाटतात. त्यांनी गेली दीड दशकं रसायनशास्त्रज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञांना झुलवत ठेवलं आहे आणि त्यांतल्या पहिल्याचं उत्तर अजूनही वादात आहे. तरीही, किंवा म्हणूनच, हा विषय मराठीत यावा असं मला फार वाटत होतं. विज्ञान आपल्याकडे बहुधा निकाल लागल्यावर येतं. खटला चालू असताना साक्षीपुरावे कसे तपासले जातात, हे पाहायला आपल्या वाचकाला क्वचितच मिळतं.

युरिएजचा उल्लेख पुढे वारंवार येईल, तेव्हा त्याची ओळख इथेच करून देतो. युरियाचे तुकडे करून अमोनिया मोकळा करणारं हे विकर आहे. शेतात टाकलेल्या युरियाचं पिकाला घेता येईल असं रूप होतं ते मातीतल्या जिवाणूंच्या युरिएजमुळे आणि त्यातला काही भाग अमोनिया होऊन हवेत उडून जातो तोही त्याच्यामुळेच. जठराच्या आम्लात तग धरणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू याच विकराच्या आधारानं आपल्याभोवतीचं आम्ल सौम्य करून घेतो. नुसत्या पाण्यात ठेवलेला युरिया आपोआप फुटायला काही दशकं लागतात. युरिएज तेच काम सेकंदाला काही हजार वेळा करतं.

विकर म्हणजे प्रथिन असतं, हेही याच युरिएजनं सिद्ध करून दिलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेम्स सम्नर यांनी १९१७ साली हे काम हाती घेतलं. सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात त्यांनी डावा हात गमावला होता आणि ते मुळात डावखुरे होते. उपकरणं तुटपुंजी, मदतनीस कमी. जॅक बीनच्या, म्हणजे आपल्याकडच्या अबईच्या कुळातल्या शेंगेच्या, दाण्यांचं पीठ पातळ अ‍ॅसिटोनमध्ये कालवायचं, गाळायचं, थंडीत ठेवायचं, हा क्रम नऊ वर्षं चालला. १९२६ साली त्या गाळलेल्या द्रवाच्या थेंबात त्यांना बारीक स्फटिक दिसले. ते पाण्यात विरघळवले तर युरिया झपाट्यानं फुटत होता आणि सगळ्या कसोट्या स्फटिक प्रथिनाचे असल्याचं सांगत होत्या. रिचर्ड विलस्टेटर यांच्यासारख्या जर्मनीतल्या मातब्बर रसायनशास्त्रज्ञांचं मत उलट होतं: विकर वेगळंच काही असतं, प्रथिन त्याला नुसतं चिकटून येतं. सम्नर यांचं म्हणणं सर्वमान्य व्हायला वेळ लागला. नॉर्थ्रॉप यांनी पेप्सिन या दुसऱ्या विकराचे स्फटिक मिळवल्यावर पारडं फिरलं आणि १९४६ साली सम्नर, नॉर्थ्रॉप व स्टॅन्ली यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ही हकीगत मी प्रस्तावनेत मुद्दाम आणली आहे. ज्या विकरानं तेव्हा एक वाद मिटवला, त्याच विकरानं चौऱ्याऐंशी वर्षांनी दुसरा सुरू केला.

पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात आयुष्मान सेन यांचा गट त्याआधी धातूच्या सूक्ष्म काड्यांवर काम करत होता. सेन यांचं पदव्युत्तर शिक्षण कानपूरच्या आयआयटीत झालेलं. एका टोकाला प्लॅटिनम आणि दुसऱ्या टोकाला सोनं असलेली काडी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाकली की ती स्वतःहून पुढे जाते, हे त्यांनी दाखवलं होतं. उत्प्रेरकाची काडी चालते, तर निसर्गातला सर्वांत कुशल उत्प्रेरक, म्हणजे विकर, का चालू नये, असा विचार तिथून पुढे आला. २०१० साली या गटानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरिएजची मोजणी प्रसिद्ध केली. द्रावणात युरिया घातला की युरिएजचं विसरण वाढत होतं. ही वाढ सुमारे २८ टक्क्यांपर्यंत पोहोचली. २०१३ साली त्यांनी कॅटलेज या दुसऱ्या विकराची भर घातली आणि आणखी एक गोष्ट दाखवली. केसाएवढ्या बारीक नळीत दोन प्रवाह शेजारी-शेजारी वाहते ठेवले, एका प्रवाहात विकर ज्यावर काम करतं तो पदार्थ घातला आणि दुसरा साधा ठेवला, तर विकरं पदार्थाच्या बाजूला थोडी जास्त सरकलेली दिसली. जिवाणू अन्नाच्या दिशेनं जातात तसं काहीतरी एकट्या प्रथिनाच्या पातळीवर घडतंय, असं वाटायला लावणारा तो निष्कर्ष होता.

इथे भौतिकशास्त्रज्ञ साशंक झाले आणि त्यांची शंका रास्त होती. एडवर्ड पर्सेल यांनी १९७६ साली दिलेल्या एका व्याख्यानात सूक्ष्म जीवांच्या पोहण्याचा विचार मांडला होता. जिवाणूनं शेपूट हलवणं थांबवलं की तो अणूच्या रुंदीच्या दहाव्या भागाइतकं अंतर जाऊन थांबतो. त्या जगात जडत्वाला किंमत नाही, घेतलेला वेग पुढच्या क्षणी उरत नाही. विकर तर जिवाणूपेक्षा शेकडो पटींनी लहान. युरिएजचा रेणू पाण्याच्या धक्क्यांनी साधारण एका मायक्रोसेकंदात स्वतःभोवती फिरून आपली दिशा विसरतो. त्याच्या दोन लागोपाठच्या क्रियांमध्ये मात्र शे-दोनशे मायक्रोसेकंद जातात. म्हणजे एका क्रियेनं समजा त्याला एखादा धक्का दिलाच, तरी पुढचा धक्का येईपर्यंत तो कुठल्या कुठे वळलेला असतो. असे विखुरलेले धक्के मिळून विसरण पाव हिश्शानं वाढवायचं, तर प्रत्येक धक्का किती मोठा हवा याचा हिशेब अनेकांनी केला. लागणारी ऊर्जा रासायनिक क्रियेतून सुटणाऱ्या ऊर्जेच्या आवाक्यापलीकडे जाते, असं त्यातून निघालं.

मग वाढ दिसते ती कशामुळे? २०१५ साली बर्कलीच्या कार्लोस बुस्टामांटे यांच्या गटानं ‘नेचर’मध्ये एक उत्तर दिलं: क्रियेतून सुटणारी उष्णता विकराच्या अंगातून लाटेसारखी जाते आणि त्याला झटका देते. ज्या विकरांच्या क्रियेत भरपूर उष्णता सुटते त्यांचं विसरण वाढलेलं त्यांना दिसलं आणि ज्याच्या क्रियेत जवळजवळ काहीच सुटत नाही त्या विकराचं वाढलेलं दिसलं नाही. कल्पना देखणी होती. दोनच वर्षांत अल्डोलेजची मोजणी पुढे आली. हे विकर संथ आणि त्याच्या क्रियेत उष्णता सुटण्याऐवजी शोषली जाते. तरी त्याचंही विसरण वाढतं, असा तो निष्कर्ष. उष्णतेचं स्पष्टीकरण त्यामुळे डळमळलं. विकर पदार्थाला धरताना आकसतं, आतून कमी थरथरतं, म्हणून पाण्यातून हलकं सरकतं, असं नवं स्पष्टीकरण आलं. पाठोपाठ दुसऱ्या प्रयोगशाळांनी तेच अल्डोलेज वेगळ्या पद्धतींनी मोजलं, एकदा प्रकाशाच्या विखुरण्यावरून आणि एकदा चुंबकीय अनुस्पंदनानं, तेव्हा वाढ कुठेच सापडली नाही. म्हणजे स्पष्टीकरणं रांगेत उभी होती आणि ज्या घटनेचं स्पष्टीकरण द्यायचं तीच घडते की नाही, इथे प्रश्न येऊन ठेपला.

पुस्तकातला सर्वांत लांब भाग या मोजणीच्या पद्धतीवर आहे आणि त्याबद्दल मी वाचकाची क्षमा मागणार नाही, कारण विषयाचा जीव तिथेच आहे. सुरुवातीचे बहुतेक निष्कर्ष एकाच तंत्रानं मिळाले होते. विकराला चकाकणारा रंग जोडतात. लेसरचा झोत द्रावणात एका अतिसूक्ष्म जागेवर केंद्रित करतात. लिटरचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी ती जागा. रंगीत रेणू तिथून गेला की प्रकाश लुकलुकतो. लुकलुकणं जितकं थोडा वेळ, तितका रेणू लवकर बाहेर पडला, म्हणजे तितकं विसरण जास्त. तंत्र अतिशय नाजूक आणि उपयोगी आहे. पण लुकलुकणं लवकर संपायला दुसरी कारणंही असू शकतात. द्रावणातला पदार्थ रंगाची चकाकीच मंदावत असेल, तर रेणू जागेवर असूनही प्रकाश विझतो आणि गणित सांगतं, रेणू वेगानं गेला. युरिएजसारखी विकरं अनेक तुकड्यांची मिळून बनलेली असतात. मोजणीसाठी द्रावण इतकं विरळ करावं लागतं की ते तुकडे सुटे होऊ शकतात. लहान तुकडा मोठ्यापेक्षा वेगानं भटकणारच. विकरापासून निसटलेला मोकळा रंगही तसाच फसवतो. २०१८ साली जर्मनीतल्या एका गटानं ही सगळी फसगत पद्धतशीर मांडली.

त्यानंतर २०२० साली अल्कलाइन फॉस्फेटेज या विकराचे एकेक रेणू वेगळे धरून केलेली मोजणी प्रसिद्ध झाली. काम करताना विसरण वाढतं याचा पुरावा मिळाला नाही, पूर्वीची वाढ मोजणीच्या पद्धतीतून आली असावी, असं त्या लेखाचं म्हणणं होतं. त्याच्या लेखकांमध्ये बुस्टामांटे स्वतः होते. पाच वर्षांपूर्वी ज्या विकरांवरून त्यांनी उष्णतेचा सिद्धांत मांडला, त्यांतलंच हे एक. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाला नव्या, अधिक कठोर कसोटीवर घालून तो उतरला नाही हे तितक्याच ठळकपणे छापणं, हे मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत मोलाचं पान वाटतं. वाद मात्र तिथे संपला नाही. २०१९ साली सेन यांच्या गटानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरिएजचे सुटे रेणू थेट सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वाढ असल्याचंच सांगितलं होतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर एकट्या विकराच्या वाढत्या विसरणावर मी आज पैज लावणार नाही.

दुसरा प्रश्न, विकरांचा समूह कुठे सरकतो हा, वेगळा आहे. पुष्कळ लेखांत हे दोन प्रश्न एकत्र कालवले जातात आणि गोंधळ होतो. विकरांना पोहता येत नसलं, तरी त्यांचा समूह एका बाजूला सरकू शकतो. त्याची दोन कारणं संभवतात आणि ती एकमेकांविरुद्ध ओढतात.

पहिलं कारण वेगातल्या फरकाचं. घाटात रस्ता खराब असेल तिथे वाहनांची दाटी दिसते. त्या वळणावर कुणाला पोहोचायचं असतं म्हणून ती झालेली नसते. तिथे सगळ्यांचा वेग कमी होतो, एवढंच तिचं कारण असतं. पदार्थ जास्त असलेल्या भागात विकराचं विसरण खरोखरच वाढत असेल, तर विकरं तिथून लवकर निघतील आणि पदार्थ कमी असलेल्या भागात साचतील. म्हणजे अन्नापासून दूर. २०१८ साली दक्षिण कोरियात स्टीव्ह ग्रॅनिक यांच्या गटानं युरिएजच्या बाबतीत नेमकं हेच पाहिल्याचं सांगितलं: युरिएज युरियापासून लांब जातं.

दुसरं कारण चिकटण्याचं. विकर आणि त्याचा पदार्थ यांच्यात आकर्षण असतं, नाहीतर ते जोडलेच गेले नसते. जिथे तो पदार्थ दाट आहे तिथे असणं विकराला ऊर्जेच्या दृष्टीनं थोडं सोयीचं असतं आणि त्यामुळे त्याच्या दिशाहीन भटकण्याला त्या बाजूचा किंचित कल येतो. या कलासाठी विकरानं पदार्थ फोडलाच पाहिजे असंही नाही, त्याला धरणं पुरतं. अन्नाच्या दिशेनं सरकणं दिसतं ते या कारणानं. रामिन गोलेस्तानियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही कारणं एकाच गणितात बसवली. कोणती ओढ जिंकेल हे विकर किती घट्ट चिकटतं आणि पदार्थ किती दाट आहे यावर ठरतं, असं त्यातून दिसतं. पेनसिल्व्हेनिया आणि कोरियातले परस्परविरोधी निष्कर्ष दोन्ही आपापल्या परिस्थितीत बरोबर असू शकतात, ही शक्यता त्यामुळे खुली झाली.

जिवाणूंशी तुलना करताना म्हणूनच जपावं लागतं. ई. कोलाय हा जिवाणू काही वेळ सरळ पोहतो, मग गिरकी घेऊन दिशा बदलतो. अन्न वाढत असेल तर सरळ पोहणं लांबवतो. हॉवर्ड बर्ग यांनी १९७२ साली खास बनवलेल्या सूक्ष्मदर्शकानं एकेका जिवाणूचा माग काढून हे दाखवलं. त्या जिवाणूकडे पदार्थ ओळखणारी संवेदकं आहेत, काही सेकंदांची स्मृती आहे, शेपटी फिरवणारी मोटर आहे. विकराकडे यातलं काहीही नाही. वृत्तपत्रांत ‘अन्न शोधत जाणारे रेणू’ असं छापून येतं तेव्हा न केलेल्या शोधाचं श्रेय प्रथिनाला मिळतं आणि खरी नवलाची गोष्ट निसटते. कसलीही जाणीव आणि कसलंही इंजिन नसताना, नुसत्या चिकटण्याच्या गुणानं दिशा निर्माण होते.

आणि या किंचित कलाचा पेशीला उपयोग होत असेल का? माझं कुतूहल सर्वांत जास्त इथे आहे. ग्लुकोजपासून ऊर्जा काढण्याच्या साखळीत पहिलं विकर ग्लुकोजवर काम करतं, त्यातून निघालेल्या पदार्थावर दुसरं, त्याच्यावर तिसरं. २०१८ साली सेन यांच्या गटानं स्टीफन बेन्कोविक यांच्याबरोबर या साखळीतली पहिली चार विकरं बारीक नळीत घेतली. पहिलं हेक्सोकायनेज ग्लुकोजकडे सरकलं आणि चौथं अल्डोलेज आपल्याआधीच्या विकरांनी बनवलेल्या पदार्थाकडे. प्रत्येकानं आपापला पदार्थ धरला आणि त्यातून सगळी एकमेकांजवळ आली. त्यांना एकत्र बांधणारी दोरी नव्हती, भोवती भिंत नव्हती. बेन्कोविक यांच्या गटानंच २००८ साली दाखवलं होतं की प्युरीन तुटपुंजं असलेल्या माध्यमात वाढवलेल्या मानवी पेशींमध्ये प्युरीन बनवणारी विकरं पुंजके करतात आणि प्युरीन मिळालं की ते पुंजके विरतात. ते कशानं जमतात, याची अनेक उत्तरं असू शकतात. त्यांत या सरकण्याचा वाटा असेल, तर पेशीतल्या जागेची व्यवस्था रसायनांच्या चढ-उतारातूनच होते, असं म्हणावं लागेल.

विकरांच्या बळावर चालणाऱ्या कृत्रिम कणांबद्दल पुस्तकात एक प्रकरण आहे. त्याची इथे फक्त तोंडओळख. बार्सिलोनात सॅम्युअल सांचेझ यांच्या गटानं सिलिकाच्या सूक्ष्म कणांवर युरिएज बसवून ते उंदरांच्या मूत्राशयात सोडले. मूत्रातला युरिया हेच त्यांचं इंधन. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे कण किरणोत्सारी आयोडीन घेऊन मूत्राशयातल्या कर्करोगाच्या गाठीपर्यंत गेले आणि उंदरांमधल्या गाठी सुमारे ९० टक्क्यांनी लहान झाल्या. हे यश माणसांपर्यंत पोहोचायला बराच अवकाश आहे. शिवाय एकट्या विकराच्या वादाचा निकाल त्यावरून लागत नाही. असा कण विकरापेक्षा कितीतरी मोठा असतो, आपली दिशा जास्त वेळ टिकवतो आणि असंख्य विकरं एकदम काम करताना त्याच्याभोवतीचा द्रवही हलतो. पृष्ठभागावर बसवलेली विकरं पाण्याला पंपासारखं वाहतं करतात, हे सेन यांच्या गटानं २०१४ साली दाखवलंच आहे. प्रक्रियेतून बनलेल्या पदार्थांनी पाण्याची घनता बारीकशी बदलते आणि तेवढ्यानं प्रवाह सुरू होतो. सरकण्याचे प्रयोग तपासतानाही हा प्रवाह वगळला आहे ना, हे आधी पाहावं लागतं.

वाचकाला रसायनशास्त्राची बारावीपर्यंतची ओळख पुरेल. गणित नको असेल तर विसरणाच्या प्रकरणातली समीकरणं ओलांडून पुढे जाता येईल, पण मोजणीचा भाग कृपा करून सोडू नका. शेवटची दोन प्रकरणं जिवंत पेशीवर आहेत आणि तिथे बहुतेक वाक्यांना ‘कदाचित’ लागलेलं दिसेल. पेशीच्या आत प्रथिनांची इतकी दाटी असते की स्वच्छ पाण्यातली मोजमापं तिथे जशीच्या तशी लागू होत नाहीत. पदार्थ एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी ही स्थिती टिकवायची तर तो कुठेतरी सतत बनत आणि कुठेतरी सतत संपत राहायला हवा, कारण थोडं अंतर फार लवकर कापणाऱ्या विसरणापुढे असा उतार फार वेळ तग धरत नाही. मायटोकाँड्रियाच्या आसपास असा उतार असू शकतो आणि प्युरीनच्या पुंजक्यांतले काही तिथेच दिसले आहेत. तो उतार जिवंत पेशीत थेट मोजणं आणि त्याच वेळी एकेका विकराचा माग ठेवणं, हे काम आता प्रयोगशाळांपुढे आहे.